पाणी मागणारा पाहुणा

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की लोणी, उरुळी, यवत करत केडगाव येतं. गाडी जेमतेम मिनिटभर थांबते. बहुतेकांच्या लेखी ते मधलं एक स्टेशन. मला मात्र केडगाव आलं की एक गोष्ट आठवते. ती सुरू होते पॅलेस्टाइनमधल्या एका विहिरीवर, तिथून लंडनला जाते, पुण्यात चहाच्या कपात वादळ होऊन उठते आणि शेवटी या कोरड्या माळावर येऊन थांबते. ही गोष्ट पंडिता रमाबाईंची आहे, आणि त्यांनी वाचलेल्या एका प्रकरणाचीही.

ख्रिस्ती शिकवणीबद्दल वाचायला लागले तेव्हा तीन शब्द मला सारखे भेटायचे: सेवा, सत्य आणि सार्वकालिक जीवन. खरं सांगायचं तर ते कॅलेंडरवरच्या सुविचारांसारखे वाटायचे. गुळगुळीत, बिनधोक, कुणाचंच काही न बिघडवणारे. रमाबाईंच्या आयुष्यात हे शब्द इतके महाग पडले की ते वाचल्यावर माझा समज बदलला.

भर दुपारची विहीर

योहानाच्या शुभवर्तमानातलं चौथं प्रकरण. येशू यहुदियातून गालिलाकडे निघालाय. वाटेत शोमरोन लागतं. भर दुपारी, चालून दमलेला, तो याकोबाच्या विहिरीपाशी बसतो. शिष्य गावात खायला आणायला गेलेत. तेवढ्यात एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो.

बाई चकित होते. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर जुनं. दोघांचा देव एकच, मोशेचं नियमशास्त्रही दोघांना मान्य. पण यहुद्यांचं मंदिर यरुशलेमात आणि शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावर. गरिज्जीमवरचं ते मंदिर यहुदी सत्ताधीश योहान हिर्कानसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केलं होतं. तेव्हापासूनची कटुता. एकमेकांशी व्यवहार नाही. आणि मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ तर असा, की एकमेकांची भांडीही वापरायची नाहीत.

हे वाक्य युरोपातल्या वाचकाला तळटीप देऊन समजवावं लागतं. मराठी वाचकाला ते आतून कळतं. कुणी कुठल्या विहिरीवर जायचं आणि कुणी ओंजळ पसरून लांब उभं राहायचं, हा आपला इतिहास आहे. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, आणि 1970च्या दशकातही बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावं लागलं.

त्या विहिरीवर पुढे बोलणं वाढत जातं. ज्याच्यापाशी पोहराही नाही तो पाहुणा तिला सांगतो की तो देईल ते पाणी पिणाऱ्याच्या आत झरा होऊन सार्वकालिक जीवनापर्यंत वाहत राहील. ती विचारते, खरी उपासना कुठली, या डोंगरावरची की यरुशलेमातली? तो म्हणतो, अशी वेळ आली आहे की जागेचा प्रश्नच उरणार नाही. देवाची भक्ती आत्म्याने आणि सत्याने करायची. या बाईचे पाच नवरे झालेत, आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही, हेही तो बोलून दाखवतो. पण तिला धिक्कारत नाही. प्रकरणात कुठेही तिला पापी म्हटलेलं नाही. ते लेबल बहुतांशी नंतरच्या प्रवचनकारांनी चिकटवलं. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात धावते आणि सगळ्यांना बोलावून आणते.

म्हणजे माझे ते तिन्ही गुळगुळीत शब्द या एका संभाषणात आहेत. आणि सुरुवात कशाने होते? देणाऱ्याने हात पसरण्याने.

लंडनमधला प्रश्न

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचविशीत होत्या. तोवर त्यांनी पाहिलेलं आयुष्य चार माणसांना पुरून उरलं असतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगून जगायचं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात जवळचं सगळं संपलं. उपासमार असह्य झाली तेव्हा वडिलांनी पवित्र तलावात जलसमाधी घ्यायचं ठरवलं आणि धाकट्या लेकीला जवळ घेऊन निरोप घेतला. तू देवाची आहेस, त्याचीच सेवा करत राहा, असं त्यांनी सांगितल्याचं रमाबाईंनी लिहून ठेवलंय. भावाने मजुरी करायची तयारी दाखवली आणि ती जलसमाधी टळली. पण उपाशी शरीरं फार तग धरू शकली नाहीत. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली.

पुढे भावाबरोबर पायी भटकंती, 1878 साली कलकत्ता, तिथल्या विद्वानांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय लग्न. 1882 साली ते कॉलऱ्याने गेले. हातात लहानगी मनोरमा. रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि वैद्यकी शिकायला इंग्लंडला निघाल्या. बहिरेपणामुळे ती वैद्यकीही हुकली.

वाँटेज गावात त्या अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात उतरल्या होत्या. सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये फुलम भागातलं आपलं काम दाखवायला नेलं. तिथे ‘पतित’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना आसरा दिला जाई. रमाबाईंना धक्का बसला तो त्यातल्या काहीजणींना भेटून. एकेकाळी इथे आसऱ्याला आलेल्या या बायका आता स्वतः आजाऱ्यांची आणि पांगळ्यांची शुश्रूषा करत होत्या.

रमाबाईंना धर्मशास्त्र तोंडपाठ होतं. व्यभिचारी स्त्रीला राजाने कुत्र्यांकडून फाडवावं, ही मनुस्मृतीतली शिक्षा त्यांना माहीत होती. अशा बाईशी कुणी मायेने बोलावं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सिस्टरला सरळ विचारलं: हे सगळं तुम्ही का करता?

सिस्टरने उत्तरादाखल योहानाचं चौथं प्रकरण वाचून दाखवलं.

1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की या प्रकरणानेच येशूविषयी त्यांची खात्री पटली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे इतिहासाची एक नोंद करायलाच हवी. व्हिक्टोरियन काळातल्या या आश्रमांमध्ये शिस्त कडक असे, कपडे धुण्याचं काबाडकष्ट असे आणि ‘पश्चात्ताप’ हा शब्द बायकांच्या माथी मारला जाई. पुरुषांना तो लागू नसे. रमाबाईंनी तिथली उजळ बाजू पाहिली. पण त्यांनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. आधी सिद्धांत आणि मग त्याची अंमलबजावणी, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. सेवा आधी दिसली. तिच्या मुळाशी काय आहे ते शोधत त्या पुस्तकापर्यंत गेल्या.

बिशपलाही न घाबरणारं सत्य

बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाईंनी डोकं गहाण ठेवलं नाही. आध्यात्मिक गुरू मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार आज वाचायला मिळतो आणि तो एखाद्या वादविवादासारखा रंगतो. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नको, असं त्या विचारत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावरही रमाबाई भडकल्या. मोठ्या कष्टाने भटजींचं जोखड मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं तसंच जोखड चढवून घ्यायची माझी तयारी नाही, असा त्यांच्या 1885 सालच्या एका पत्राचा आशय आहे.

इकडे मायदेशी त्या धर्मभ्रष्ट ठरल्या होत्या, तिकडे नव्या घरात हट्टी आणि अहंकारी. त्यांच्या बाजूने मराठीत ठामपणे लिहिणाऱ्यांत जोतीराव फुले होते; 1885 सालच्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंनी स्वतःशीच कबूल केलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. जिच्या धर्मांतरावरून दोन खंडांत खडाजंगी झाली, तिने असं जाहीरपणे लिहिणं सोपं नव्हतं. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं असतं. तरीही त्यांनी लिहिलं.

चहा आणि शारदा सदन

11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू केलं. विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती देणगीदारांचा, पण अट अशी की शाळा कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती.

1890 साली सदन पुण्यात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनचं चहा प्रकरण घडलं. मिशनमधल्या एका कार्यक्रमात रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी गेली होती. तिथे चहा-बिस्किटं समोर आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापवून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. कुणाच्या हातचा कप, एवढाच प्रश्न. विहिरीवरची ती बाई पुण्यात आली असती तर तिला काही नवीन वाटलं नसतं.

अशा शहरात एक ख्रिस्ती विधवा ब्राह्मण विधवांना शिकवत होती. रमाबाई पहाटे प्रार्थना करत, दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली वाद पेटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली; रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले; पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

कोण बरोबर होतं? मी दोन्ही बाजू वाचल्यात. दार उघडं ठेवणं म्हणजे जबरदस्ती नाही, हे रमाबाईंचं म्हणणं मला पटतं. पण जिच्या छायेत आपण जगतो, जी आपल्याला अन्न आणि अक्षर देते, तिच्या उघड्या दाराचं वजन लहान मुलीवर पडतंच, हेही खरं. सेवा करणाऱ्याच्या हातात सत्ता येते. ती नको असली तरी येते.

दुष्काळाने भरलेलं केडगाव

1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि त्यांना रस्त्याकडेला आपलंच बालपण दिसलं. तिथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. फळबागेसाठी केडगावला घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. 1898 साली तिथे ‘मुक्ती सदन’ झालं. 1900च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार! पुण्याच्या पूर्वेच्या कमी पावसाच्या पट्ट्यात एवढ्या जणींच्या पिण्याच्या पाण्याचं, भाकरीचं आणि औषधाचं बघायचं. सेवा म्हणजे काय ते इथे कळतं. आजारलेल्या, उवा झालेल्या, अंगावर फोड असलेल्या मुलींना आंघोळ घालणं, अतिसार झालेल्यांचं करणं. योहानाच्या तेराव्या प्रकरणात येशू कमरेला कापड बांधून शिष्यांचे पाय धुतो. आपल्याकडे शिष्याने गुरूचे पाय धुवायचे, तिथे उलटं. केडगावला ते रोजचं काम होतं. ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी तिथे ‘कृपा सदन’ निघालं. फुलममध्ये विचारलेल्या प्रश्नाला रमाबाईंनी दिलेलं हे उत्तर.

सत्यही सुटलं नव्हतं. 1897 साली प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. गव्हर्नरने आरोप फेटाळले. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारच्या मांडीवर जाऊन बसल्या, असं म्हणणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

पण माझी शंका इथेही संपत नाही. उपाशी मुलीला घर मिळतं, त्या घरात प्रार्थना ख्रिस्ती असते, आणि ती मोठी होऊन ख्रिस्ती होते. तिने निवड केली असं म्हणायचं का? मला याचं गोळीबंद उत्तर मिळालेलं नाही. एवढंच दिसतं की त्या काळात तिच्यासमोर दुसरं दार क्वचितच उघडं होतं, आणि बाकीची दारं बंद ठेवणाऱ्यांनाही या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

जिवंत झरा

शेवटच्या जवळजवळ सतरा-अठरा वर्षांत रमाबाईंनी एक काम अंगावर घेतलं: संपूर्ण बायबलचं साध्या मराठीत भाषांतर. मराठीत बायबल नव्हतं असं नाही. विल्यम केरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली नवा करार निघाला होता. त्याच्याही आधी, 1616 साली, गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं होतं. त्यात स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटलंय. रमाबाईंची तक्रार वेगळी होती. प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर आहे, केडगावच्या अडाणी बाईला ती कळत नाही, आणि त्या शब्दांबरोबर जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थही चिकटून येतात. संस्कृतची पंडिता हे म्हणते आहे! त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. गंमत म्हणजे शब्दांना इतकं जपणाऱ्या या बाईंनी आपल्या वस्तीचं नाव मात्र ‘मुक्ती’ ठेवलं होतं.

या भाषांतराचे खिळे जुळवले ते मुक्ती सदनातल्या बायकांनी. छपाईही त्यांचीच. ज्यांना एकेकाळी रस्त्यावरून उचलून आणलं, त्याच आता देणाऱ्या झाल्या होत्या. मला घागर टाकून गावाला बोलवायला धावलेली ती बाई इथे दिसते.

त्या प्रकरणातल्या ‘जिवंत पाणी’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबते. हिब्रूत आणि ग्रीकमध्ये ‘जिवंत पाणी’ म्हणजे वाहतं, झऱ्याचं पाणी. याकोबाच्या विहिरीसाठी योहान दोन ग्रीक शब्द वापरतो: एकाचा अर्थ झरा, दुसऱ्याचा नुसती खोदलेली विहीर. बाई विहिरीबद्दल बोलते, येशू झऱ्याबद्दल. इंग्रजीत हा खेळ समजवावा लागतो. मराठीत तो बोलण्यातच आहे. विहीर खणताना आपण विचारतोच, जिवंत झरा लागला का? नुसतं साठलेलं पाणी उन्हाळ्यात आटतं. जिवंत झरा असेल तर उपसलं तरी भरत राहतं.

सार्वकालिक जीवन या अवजड शब्दाचा अर्थ मला या झऱ्यापाशी लागला. मेल्यानंतर मिळणारं न संपणारं आयुष्य, एवढाच अर्थ मी धरून होते. योहान मात्र पुष्कळदा वर्तमानकाळात बोलतो: विश्वास ठेवणाऱ्याला ते जीवन आजच आहे. ते आतून वाहायला लागतं आणि मृत्यूपाशी थांबत नाही. रमाबाईंचा मृत्यूनंतरच्या जीवनावरही पूर्ण विश्वास होता, यात शंका नाही. पण जिच्या घरातली तीन माणसं भुकेने गेली आणि जी तरी दोन हजार जणींना पुरून उरली, तिच्या आत कुठलं पाणी होतं, हे विचारायला माणूस ख्रिस्ती असावा लागत नाही.

1921 साली मनोरमा गेली. आईआधी लेक. रमाबाई काम करत राहिल्या. भाषांतर संपतं न संपतं तोच, 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून निघालं 1924 साली.

त्या विहिरीच्या गोष्टीत एक बारीक गोष्ट कुणी सहसा बोलत नाही. येशूने पाणी मागितलं, पण ते त्याला मिळालं का, हे योहान सांगतच नाही. शिष्य येतात, बाई निघून जाते, घागर तिथेच राहते. मागणं तेवढं लिहून ठेवलंय. आपल्याकडे काही देण्याजोगं आहे, असं त्या बाईला कदाचित पहिल्यांदाच कुणी मागून दाखवलं.

गाडी केडगावहून सुटते तेव्हा मला त्या खिळे जुळवणाऱ्या बायका आठवतात. त्यातल्या बहुतेकींची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या बोटांना लागलेली शाई हीच त्यांची सही.